अजब बंगल्यातील दालने

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपुरात त्या नावाने ओळखणारे थोडेच. रिक्षावाल्याला 'मध्यवर्ती संग्रहालय' असे सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो. 'अजब बंगला' म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. आम्ही मराठीचे अध्यापन करणारे असल्याने आमचे लक्ष वस्तूंच्या आधी शब्दांकडे जाते. 'अजब' हा शब्द अरबीतला, फार्शीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. 'बंगला' म्हणजे मुळात बंगाली धर्तीचे घर. तो इंग्रजी अमदानीत रुळला. आणि या बंगल्याचे आत जे भाग पाडलेले आहेत त्यांना आपण 'दालने' म्हणतो, तो शब्द फार्शी 'दालान'. म्हणजे 'प्राचीन शिल्पांचे दालन' असे आपण सहज म्हणतो तेव्हा त्या तीन शब्दांतच दोन जगे शेजारी नांदत असतात. पाटीवर मात्र ती वेगळी असतात. या वेगळेपणाविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

संग्रहालयाची स्थापना १८६३ ची. मध्यप्रांत हा नवा प्रांत तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता आणि सर रिचर्ड टेंपल त्याचे मुख्य आयुक्त होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी टाकळघाटजवळील शिळावर्तुळे टेंपलसमवेत पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावला. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाने विदर्भातील दगड, जीवाश्म आणि आदिवासींची भाषा व गीते यांची जी टिपणे केली होती त्यांतील आदिवासींविषयीची टिपणे टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. अजब बंगल्याच्या आरंभाशी ही एक निधनवार्ता जोडलेली आहे. दुसरी त्याहून मोठी. दहाच वर्षांपूर्वी, १८५३ मध्ये, तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले होते आणि राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावात विकले होते. एका राज्याचा संग्रह मोडला गेला आणि पाठोपाठ त्याच शहरात दुसरा संग्रह उभा राहू लागला. हा दुसरा संग्रह राजाचा नव्हता, प्रांताचा होता. बालाघाटकडच्या गुंगेरिया गावी १८७० मध्ये सापडलेल्या ताम्रयुगीन हत्यारांपासून, अकोल्याकडच्या राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुमूर्तींपर्यंत आणि तऱ्हाळ्यास १९३९ साली मिळालेल्या सातवाहन नाण्यांपर्यंत विस्तृत मुलखातल्या वस्तू येथे येत गेल्या. तऱ्हाळ्याच्या नाण्यांनी तर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या राजावळीत न आढळणारी नावे उजेडात आणली. महामहोपाध्याय मिराशींनी ती वाचली.

आम्ही पदवीच्या विद्यार्थ्यांना येथे नेतो. मराठीच्या विद्यार्थ्यांना संग्रहालय कशाला, असे सहकारी विचारतात. त्याचे उत्तर असे की शिलालेख वगळून मराठीचा आरंभ शिकवता येत नाही. मुले भुसा भरलेल्या प्राण्यांपाशी रमतात, शस्त्रांपाशी छायाचित्रे काढतात, आणि मूर्तींपुढे हळू आवाजात बोलतात. एकदा अरबी वळणाची अक्षरे कोरलेल्या वस्तूपाशी एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे आपलं की त्यांचं?" प्रश्नात कडवटपणा नव्हता, केवळ माहिती हवी होती. आम्ही दोघांनीही तत्काळ उत्तर दिले नाही. कारण 'आपले' म्हणजे काय आणि 'त्यांचे' म्हणजे काय, हे ठरवणारी रेघ कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ओढली हेच आधी सांगावे लागणार होते.

ती रेघ फार जुनी नाही. जेम्स फर्ग्युसनने १८७६ मध्ये भारतीय वास्तुकलेचा जो इतिहास लिहिला त्यात इमारतींची विभागणी बौद्ध, जैन, हिंदू आणि 'सारसेनिक' म्हणजे मुसलमानी अशा खणांत केली. खण सोयीचे होते. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला दौऱ्यावर निघताना काही एक कोष्टक हवे असते. पुढे कझिन्सची मध्यप्रांत व वऱ्हाडातील अवशेषांची यादी १८९७ मध्ये निघाली, तीही अशाच कोष्टकांच्या जगातली. कोष्टकाचा दोष असा की ते हळूहळू डोळ्यांत उतरते. इमारत पाहण्याआधी तिचा खण ठरतो, आणि खणात न बसणारे जे काही असेल ते अपवाद म्हणून बाजूला पडते.

हा प्रश्न केवळ आपला नव्हे. कैरोत १८८० च्या दशकात जे संग्रहालय अल-हकीम मशिदीच्या अंगणात सुरू झाले त्याला आरंभी 'अरब कले'चे म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे 'इस्लामी कले'चे झाले. एकाच वस्तूंना आधी वंशाचे नाव, मग धर्माचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०११ मध्ये आपली नवी दालने उघडताना धर्माचे नाव टाळून 'अरब भूमी, तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया आणि उत्तरकालीन दक्षिण आशिया' असे लांबलचक नाव दिले. ते उच्चारताना धाप लागते हे खरे, पण धाप लागण्यात थोडा प्रामाणिकपणा आहे. बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयात तर बाबिलोनचे इश्तार द्वार आणि जॉर्डनमधील उमय्या राजवाड्याची म्शत्ताची दर्शनी भिंत एकाच छपराखाली होती. ते संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले. आठव्या शतकातील त्या भिंतीच्या एका बाजूला द्राक्षवेलींत पशुपक्षी कोरले आहेत आणि मशिदीच्या बाजूला फक्त वेली आहेत. एकाच इमारतीचा, एकाच काळातला कारागीर कोठे काय शोभते हे जाणत होता. आपली कोष्टके इतकी जाणती नसतात.

आता आपल्या बंगल्याकडे येऊ. येथील सर्वांत ख्यातनाम लेख म्हणजे 'नागपूर प्रशस्ती'. विक्रम संवत ११६१, म्हणजे इसवी सन ११०४ च्या सुमाराचा हा माळव्याच्या परमारांचा संस्कृत लेख. नरवर्मा या राजाच्या काळातला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४३ मध्ये, म्हणजे संग्रहालय स्थापन होण्यापूर्वी वीस वर्षे, याकडे विद्वानांचे लक्ष वेधले होते आणि पुढे कीलहॉर्नने त्याचे संपादन केले. नरवर्म्याचा वडील भाऊ लक्ष्मदेव याचा दिग्विजय या लेखात वर्णिला आहे. पूर्वेकडील गौड, दक्षिणेकडील चोल आणि पांड्य, समुद्रापलीकडील लंका असे करीत कवी थेट वंक्षु नदीच्या, म्हणजे मध्य आशियातील अमूदर्याच्या तीरावर पोहोचतो. तेथे तुरुष्कांचे घोडे केशराच्या शेतात लोळतात आणि जिंकणाऱ्या माळव्याच्या राजाची छावणी त्या मऊ झालेल्या भूमीवर पडते. इतिहास म्हणून यातले फार थोडे खरे. लक्ष्मदेव अमूदर्यापर्यंत गेला असे कोणी मानत नाही. परंतु कवीची नजर पाहण्याजोगी आहे. तुरुष्क हे त्याच्या लेखी गौड किंवा चोलांसारखेच एका दिशेचे राजे, पराभूत करून शोभा वाढवायची अशा यादीतले एक नाव. त्यांचे घोडे उत्तम आहेत आणि त्यांच्या देशात केशर पिकते, एवढे त्याला ठाऊक आहे. त्यांचा धर्म काय याचा उल्लेख करावा असे त्याला वाटलेले नाही. महमूद गझनवीच्या स्वाऱ्यांना तेव्हा शंभर वर्षेही उलटली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या मौनाचे वजन कळते.

ब्रजदुलाल चट्टोपाध्यायांनी १९९८ मधील आपल्या ग्रंथात संस्कृत साधनांतील अशा उल्लेखांचा धांडोळा घेतला आहे. शक, यवन, तुरुष्क, पारसीक: आलेल्यांना जुन्याच नावांनी ओळखण्याची ही रीत होती. मध्यप्रांतातील लेखांत तिचे एक विलक्षण उदाहरण आहे. दमोह जिल्ह्यातील बटियागढ येथील, संवत १३८५ म्हणजे १३२८ मधील संस्कृत शिलालेख. रायबहादुर हिरालालांनी तो संपादून प्रसिद्ध केला. योगिनीपूर म्हणजे दिल्ली. तेथे शकांचा अधिपती महमूद, म्हणजे मुहम्मद तुघलक, राज्य करतो आहे. त्याच्या वतीने चेदी देशाचा कारभार मलिक जुलची पाहतो, जुलचीचा मुलगा हिसामुद्दीन बटियागढास आहे, आणि हिसामुद्दीनचा सेवक जलाल खोजा, इसहाकचा मुलगा, याने गावात एक विहीर बांधली, बाग लावली आणि गोमठ उभारला. गोमठ म्हणजे गुरांसाठी निवारा. त्याचे पुण्य सांगणारा लेख संस्कृतात आहे, रचणारा आणि कोरणारा स्थानिक आहे. विद्यार्थ्यांना हे सांगितले की वर्गात थोडी चुळबुळ होते. काहींना हे फारच गोड वाटते, काहींना अविश्वसनीय. आमच्या मते ते दोन्ही नाही. अधिकारपदावर आलेल्या माणसाने गावात मान्य होईल असे काम करावे आणि गावाला समजेल अशा भाषेत ते नोंदवावे, यात राजकारणाचा व्यवहार आहे, भाबडेपणा नाही. त्याच तुघलकाने दौलताबादेत काय केले हेही आपल्याला माहीत असतेच. पण व्यवहार होता हेही खरे आणि तो दगडावर आहे.

बऱ्हाणपूरचे उदाहरण याहूनही नेटके आहे. बऱ्हाणपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. तेथील जामा मशीद फारुकी घराण्याच्या आदिलशहाने बांधली; तिच्यात अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही आहे, शके १५११ चा. हाही हिरालालांनीच वाचून प्रसिद्ध केला. आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन आहे आणि तो अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत आहे असे म्हटले आहे. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याला ही विशेषणे अनोळखी वाटण्याचे कारण नाही. मागाहून राजवंश येतो आणि मग मशिदीच्या उभारणीचा काळ येतो, तोही तिथी, नक्षत्र, योग, करण यांसह. एका मशिदीचा मुहूर्त पंचांगाने सांगितलेला आहे. ज्या पंडिताने ही रचना केली त्याला अल्लासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. निर्गुणाची परिभाषा त्याच्याजवळ तयारच होती. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' किंवा हुसेन अंबरखानाची गीताटीका आपण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शिकवतो, तेव्हा विद्यार्थी त्यांना सुटे चमत्कार समजतात. मशिदीतील हा लेख शेजारी ठेवला की ते सुटे राहत नाहीत.

वाचनाचा विषय निघालाच आहे तर येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण अडचण खरी येथे आहे. नागरी शिलालेखात अक्षर दगडात खोदलेले असते. अरबी-फार्शी लेखात बहुधा उलट असते: अक्षर तसेच ठेवून भोवतालचा दगड काढून टाकतात, म्हणजे अक्षर उठावाचे राहते. खोदलेले अक्षर झिजले तरी खळगा उरतो. उठावाचे अक्षर झिजले की भोवतालच्या सपाटीत मिळून जाते. शिवाय शब्द एकामागोमाग एका ओळीत न येता एकमेकांच्या खांद्यावर चढलेले असतात. उंच दांड्यांची रांग दिसते आणि डोळ्यांना आधी नक्षी भेटते, मग मजकूर. वर्ष अनेकदा आकड्यांत दिलेले नसते. अलिफ म्हणजे एक, बे म्हणजे दोन असे प्रत्येक अक्षराला मूल्य असते आणि शेवटच्या चरणातील अक्षरांची बेरीज केली की हिजरी सन निघतो. हे ऐकून विद्यार्थी चकित होतात, तेव्हा आम्ही त्यांना आपल्याच पोथ्यांतील शक काढायला लावतो: चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, आणि वाचायचे उजवीकडून डावीकडे. कोडे घालण्याची हौस दोन्हीकडे सारखीच.

हे वाचणारी संस्था नागपुरातच आहे, आणि याची माहिती शहरातील सुशिक्षितांनाही क्वचितच असते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी व फार्शी शिलालेखांची शाखा सिव्हिल लाइन्समधील जुन्या उच्च न्यायालयाच्या इमारतीत आहे. देशभरातील मशिदी, दर्गे, विहिरी, पूल, किल्ल्यांचे दरवाजे यांवरील लेखांचे ठसे येथे येतात. ठसा घेण्याची क्रिया साधी आहे: दगड स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर बसवून ब्रशने ठोकायचा, अक्षरांच्या वळणात तो उतरला की शाईचा गोळा फिरवायचा. डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी या शाखेत अनेक वर्षे काम केले. देशातील अरबी-फार्शी लेखांच्या अभ्यासात त्यांच्या नावाशिवाय पुढे जाता येत नाही. २००२ मध्ये ते निवर्तले. मराठी वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयी आम्ही तरी फारसे काही वाचले नाही.

आमच्या पिढीतील मराठीच्या प्राध्यापकांना मोडी अडखळत येते आणि फार्शी येत नाही. पूर्वी असे नव्हते. ग. ह. खऱ्यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य' खंडशः सिद्ध केले. सेतुमाधवराव पगडींनी फार्शी साधने मराठीत आणली आणि वर गोंडीचाही अभ्यास केला. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश दिला. महानुभावांच्या सकळ लिपीचे कुलूप मराठीच्या अभ्यासकांनी उघडले, कारण आत आपले काही आहे अशी त्यांची खात्री होती. फार्शीच्या कुलपामागे आपले काही आहे असे आज आपल्याला वाटत नाही, एवढाच फरक पडला आहे. लिपी अवघड असल्याचे कारण आम्हाला पटत नाही. खेड्यातून येणारी मुले एका सुटीत जपानी अक्षरे शिकतात.

याचा परिणाम विदर्भाच्या इतिहासावर फार विचित्र झाला आहे. आमच्या विद्यार्थ्यांना वाकाटक माहीत असतात. प्रभावतीगुप्ता, रामटेक, कालिदासाचा मेघ. मग यादव, चक्रधर, रिद्धपूर. आणि मग एकदम रघूजी भोसले. मध्ये जवळजवळ साडेचारशे वर्षांचा खड्डा. या खड्ड्यात बहामनी आहेत, वऱ्हाडची इमादशाही आहे, देवगड आणि चांद्याचे गोंड राजे आहेत. या. मा. काळ्यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ मध्ये आणि 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ मध्ये लिहिला तेव्हा त्यांनी हा काळ वगळला नव्हता. वगळला तो नंतरच्यांनी.

खड्डा पाहायचा असेल तर अकोल्याच्या उत्तरेस सातपुड्यातील नरनाळ्यावर जावे. तेथील महाकाली दरवाजा १४८७ चा. पांढुरक्या वालुकाश्माचा, कमळांनी, जाळ्यांनी आणि सज्जांनी सजलेला, वर अरबी अक्षरांचे पट्टे. लेखात बहामनी सुलतानांची वंशावळ आहे आणि बांधणाऱ्याचे नाव फतहुल्ला इमादुल्मुल्क. हा फतहुल्ला, फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे, विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी युद्धात पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र होऊन त्याने इमादशाही स्थापन केली. अचलपूर तिची राजधानी. त्याच्या ताब्यातील दुसरा किल्ला गाविलगड. तेथील दरवाज्यावर शार्दूल आहेत आणि हत्तींना पेलणारा दुतोंडी गंडभेरुंड आहे. गंडभेरुंड हा कानडी मुलखाचा पक्षी. त्याचा फतहुल्लाच्या बालपणाशी संबंध जोडण्याचा मोह आम्हाला दर वेळी होतो आणि दर वेळी आम्ही तो आवरतो. परंतु इतके निश्चित की 'इस्लामी वास्तूत प्राणी कोरत नाहीत' हे पाठ करून आलेला विद्यार्थी या दरवाज्यापुढे गप्प होतो.

याउलट चंद्रपूरला जावे. अचलेश्वराच्या मंदिराशेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील बीरशहाची समाधी राणी हिराईने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधवली. घुमट आणि कमानी असलेली ही वास्तू दुरून पाहणाऱ्याला एखाद्या सुभेदाराचा मकबरा वाटावी. चांद्याच्या या राजांनी धर्म बदलला नव्हता. हिराईनेच महाकालीचे मंदिर उभारले, जिची जत्रा आजही चैत्रात भरते आणि मराठवाड्यातून भाविक येतात. नवरा गेल्यावर त्याच्यासाठी घुमट आणि देवीसाठीही मंदिर. राणीला यात काही विसंगती दिसली नाही. तो काळ ज्याला राजाची शोभा म्हणत असे ती घुमटात होती, एवढाच त्याचा अर्थ. मात्र ही वास्तू कोणत्या दालनात घालायची हे विचारले तर फर्ग्युसनचे खण पुरे पडत नाहीत.

आणि स्वतः नागपूर. हे शहर देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून वसवले. हा गोंड राजा भाऊबंदकीत मदत मागण्यासाठी औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला आणि 'बख्त बुलंद', म्हणजे ज्याचे नशीब उंच आहे तो, हे नाव घेऊन परतला. पुढे त्याने मोगलांविरुद्ध बंड केले, तेव्हा चिडलेल्या बादशहाने त्याला यापुढे 'निगून बख्त', फुटक्या नशिबाचा, म्हणावे असे फर्मावले. नाव दिले ते औरंगजेबाने, झुगारले तेही औरंगजेबालाच, आणि शहर राहिले ते या राजाचे. त्याचा मुलगा चांद सुलतान याने गावाभोवती कोट बांधला, जुम्मा तलाव बांधला, ज्याला आपण आधी शुक्रवार तलाव आणि आता गांधीसागर म्हणतो. जुम्मा म्हणजे शुक्रवारच. येथे नाव बदलले नव्हते, केवळ भाषांतर झाले होते. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला तेव्हा महाल भागात दगडफेक, जाळपोळ झाली आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर औरंगजेबाविषयी बोलणाऱ्यांची उणीव नव्हती. ज्या शहरातून ते बोलत होते ते वसवणाऱ्याचे आणि औरंगजेबाचे हे दुहेरी नाते एकाच्याही तोंडी आम्ही ऐकले नाही. संचारबंदी उठल्यावर पहिल्याच तासाला आम्ही ते वर्गात सांगितले. अभ्यासक्रमात ते नाही.

रघूजी भोसल्यांनीही हा वारसा पुसला नाही. चांद सुलतानाच्या मुलांतील तंट्यात ते आले, सत्ता हाती घेतली, पण बुऱ्हाण शहाला नावाचा राजा म्हणून गादीवर ठेवले. गोंडराजाचे घराणे नागपुरातच राहिले. भोसल्यांनी स्वतः मिरवली ती छत्रपतींकडून घराण्यास मिळालेली पदवी, 'सेनासाहेब सुभा'.

या पदवीचा पुरावा अलीकडेच परत आला आहे. लंडनमध्ये सदबीजने एप्रिल २०२५ मध्ये मांडलेल्या लिलावात एक मराठा धाटणीची तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. १८५३ नंतर नागपूरची जी संपत्ती पांगली तिच्यातील ती असावी, असा तर्क तेव्हा मांडला गेला. पाते युरोपीय बनावटीचे आहे आणि पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लेख आहे: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. वर्तमानपत्रांनी तिचे वर्णन स्वाभाविकच 'आपली तलवार' असे केले. आम्ही तो लेख फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना शब्द सोडवायला सांगितले. 'श्रीमंत' आणि 'सेना' संस्कृत. 'साहेब' अरबी. 'सुभा' हाही मुळात अरबी, मोगलांच्या कारभारातून आलेला. 'फिरंग' म्हणजे फ्रँकांचे, युरोपीयांचे. तो शब्द फार्शीवाटे आला आणि मराठीत सरळ पात्याच्या तलवारीचे नाव होऊन बसला. मग त्यांनी स्वतःहूनच पुढची यादी केली: समशेर, खंजीर, जिरेटोप, बंदूक, तोफ. कोणी तरी इमारतीकडे वळले: गाभारा, कळस, खांब एकीकडून, कमान, घुमट, बुरूज, दरवाजा, हौद दुसरीकडून. रायगडाचे वर्णन यांतील दुसऱ्या यादीविना करून पाहा, असे आम्ही सुचवले. दोघांनी प्रयत्न केला. 'दरवाजा' टाळण्यासाठी 'द्वार' मिळाले, 'हौद' टाळण्यासाठी 'कुंड' मिळाले, 'बुरूज' या शब्दापाशी गाडे अडले ते तास संपेपर्यंत.